नक्कल आणि सोंग



लोधिवलीच्या या व्याख्यानमालेच्या फलकावर आजचा विषय 'राजकीय विनोद आणि पुढाऱ्यांच्या नकला' असा लिहिला आहे. चार नकला ऐकायला मिळतील म्हणून कुणी आलं असेल, तर त्यांची आधीच माफी मागतो. मी एकही नक्कल करणार नाही. उलट नकलेच्या विरुद्धच बोलणार आहे, आणि तेही नाटकाची बाजू घेऊन. हे चमत्कारिक वाटेल, पण सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू.

अंगात खाकी, डोक्यावर टोपी, हातात वही, अशा थाटात दारात उभा राहणारा बहुरूपी आपल्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. तो घरधन्यावर भलतेसलते गुन्हे लावतो, यमक जुळवत वॉरंट वाचतो, दंड सांगतो, आणि शेवटी कडक सलाम ठोकून बिदागी मागतो. कायद्याने बघायला गेलं तर सरकारी नोकराचा वेश कपटाने घालणं हा गुन्हा आहे. पण त्यात 'कपटाने' हा शब्द आहे. बहुरूप्याचं कपट कुठलं? ज्याला फसवायचं, त्याला तर पहिल्या क्षणापासून ठाऊक असतं की हा फसवतोय. आणखी एक गोष्ट पाहा. बहुरूपी कुठल्या एका फौजदाराची नक्कल करत नाही. ठाण्यात आज कोण साहेब आहेत, त्यांचा आवाज कसा, चाल कशी, याची त्याला गरजच नसते. तो सोंग आणतो ते फौजदारकीचं. वही उघडण्याचं, कलम लावण्याचं आणि मग 'बघा काय ते' म्हणून मिटवून टाकण्याचं. मराठीने नक्कल आणि सोंग हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ते उगाच नाही. नक्कल माणसाची होते. सोंग त्या माणसाच्या जागेचं आणतात, त्या जागेवर बसून तो जे करतो त्याचं आणतात. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की मराठी रंगभूमीवरचा राजकीय विनोद जेव्हा जेव्हा झोंबला, तेव्हा तेव्हा तो सोंगाने झोंबला. नकलेने बहुतेक वेळा पुढाऱ्याला गुदगुल्याच झाल्या.

ही परंपरा नाटकाच्याही आधीची. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली, त्यांत जोहार आहे, अर्जदस्त आहे, अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे. म्हणजे त्या काळच्या फारसी वळणाच्या दफ्तरी कागदांचीच सोंगं. शरीर हा परगणा, जीव हा त्यावरचा शेकदार, आणि वरून हुकूम येतो आहे. नाथांना सांगायचा होता परमार्थ, राजकारण नव्हे, हे मान्य. पण ज्या श्रोत्याने आयुष्यभर शेकदाराचा वसूल भरला होता, त्याला ते कागदी मराठी-फारसी कीर्तनाच्या रंगात ऐकताना हसू कशाचं आलं असेल? कुणा एका शेकदाराचं नाही. शेकदारीचं.

आता कायद्याकडे येऊ, कारण विनोदाला सर्वांत आधी ओळखतं ते सरकार. १८७५-७६ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे युवराज कोलकात्याला आले. जगदानंद मुखर्जी नावाच्या बड्या वकिलाने त्यांना आपल्या घरी नेलं आणि घरातल्या स्त्रियांकडून त्यांचं स्वागत करवलं. शहरात चर्चा झाली, आणि ग्रेट नॅशनल थिएटरने 'गजदानंद आणि युवराज' असं प्रहसन रंगमंचावर आणलं. जगदानंदाचा गजदानंद झाला, म्हणजे पडदा किती पातळ होता ते बघा. पोलिसांनी ते थांबवलं. मग त्या मंडळींनी पोलिसांवरच प्रहसन केलं. पोलीस आयुक्ताचं आडनाव हॉग, अधीक्षकाचं लॅम्ब. एक डुक्कर, एक कोकरू. नाटकाच्या नावात 'पिग' आणि 'शीप' आले. (आडनावं इतकी सोयीची मिळाली तर कुठल्या विनोदकाराला मोह आवरेल?) त्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आला, आणि तो अधिकृतपणे रद्द व्हायला २०१८ साल उजाडलं. एका वकिलाच्या आणि दोन अंमलदारांच्या नकलेसाठी देशाने सुमारे एकशे चाळीस वर्षं किंमत मोजली. या प्रसंगाकडे मी नकलेची मर्यादा म्हणूनही बघतो. त्या प्रहसनांनी युवराज हलले नाहीत, पोलीसखातं सुधारलं नाही. व्यक्तीला टोचणी लागली, आणि व्यक्तीने यंत्रणा वापरून सूड घेतला.

याच कायद्याच्या छायेत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी काय केलं? १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, विराटपर्वातली. रंगमंचावर एकही गोरा नाही, इंग्रजीचा शब्द नाही, टोपी नाही, बूट नाहीत. आणि तरी गावोगावच्या प्रेक्षकाला कळलं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री होऊन राबणारी द्रौपदी म्हणजे हा देश, सबुरीचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल. गंमत अशी, की नाटक आलं तेव्हा कर्झन व्हाइसरॉय राहिलाच नव्हता, तो १९०५ मध्येच परत गेला होता. मग प्रेक्षक चिडत होता तो कुणावर? गेलेल्या माणसावर? कर्झन गेला, बंगालची फाळणी राहिली. माणूस उठला, खुर्ची तिथेच होती. खाडिलकरांनी कर्झनची लकब उचलली असती, त्याचा ताठ मणका, त्याचं वक्तृत्व, तर नाटक रंगभूमीवर येण्याआधीच शिळं झालं असतं. त्यांनी उचलला तो उन्माद : दुसऱ्याच्या राज्यात सत्ता गाजवायची आणि तिथल्या स्त्रीवर हक्क सांगायचा. १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली, आणि व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली.  या बंदीचा अर्थ आपण नीट लावत नाही. महाभारतातल्या एका लंपट सेनापतीचा वध सरकारला का खुपावा? बंदीचा हुकूम काढून सरकारने स्वतःच जाहीर केलं, की हा कीचक आमचा आहे. लेकी बोले, सुने लागे. आपल्या या म्हणीत राजकीय विनोदाचं सगळं शास्त्र आलं. बोलणाऱ्याने नाव घेतलेलं नसतं, लागणारी सून स्वतः पुढे येते.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, पण सुनेला लागणं काही थांबलं नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात खेळ करत होतं. मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांना बंदी केली, आणि तमाशाचं नाव बदलून लोकनाट्य म्हणून तोच ऐवज पुन्हा उभा राहिला. इथे मी फक्त शीर्षकांकडे बोट दाखवतो. 'शेटजीचं इलेक्शन'. 'लोकमंत्र्यांचा दौरा'. 'देशभक्त घोटाळे'. यांत एका तरी खऱ्या मंत्र्याचं नाव आहे का? आहे ती निवडणूक, आहे तो दौरा. मंत्री कुठलाही असो, दौऱ्याची कमान तीच, हार तेच, आश्वासन तेच. पु. ल. देशपांड्यांनी लोकनाट्य लिहिलं, त्याला नाव दिलं 'पुढारी पाहिजे'. जणू वर्तमानपत्रातली जाहिरातच. जागा रिकामी आहे, लायक उमेदवारांनी अर्ज करावेत. एका नावात पुलंनी सगळा मुद्दा सांगून टाकला, की ही चौकशी माणसाची नाही, जागेची आहे.

आता कोतवालाकडे वळतो, आणि या मुलखात हा शब्द जरा जपून उच्चारला पाहिजे. कर्जत-माथेरानच्या पट्ट्यात कोतवाल म्हटलं की आधी हात जोडले जातात. स्वातंत्र्यलढ्यातल्या भाई कोतवालांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण दिले. पण मराठी रंगभूमीचा कोतवाल वेगळा. दहा वर्षांच्या आत तो दोनदा रंगमंचावर आला आणि दोन्ही वेळा त्याने सत्तेचं पोट उघडं केलं. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. मूळ वग छपरी पलंगाचा. राज्यातला कोतवाल मरतो, जागा रिकामी होते. वर्षानुवर्षं चाकरी केलेल्या हवालदाराला वाटतं, आता आपली पाळी. आणि प्रधान तिथे आपला मेहुणा बसवतो. पुढचं सगळं कारस्थान, मैनावती, राजाचा पलंग, ते या एका नेमणुकीतून निघतं. दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि बतावणीत त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं काहीही ओढून आणायचे. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण मंडळाला वाचता येतो कागद, आणि सोंगाड्या वाचतो समोरचं पब्लिक. तो कुठे थांबला, कुणाकडे बघून थांबला, हे कुठल्या संहितेत लिहिणार? पण माझ्या मते 'विच्छा'ची खरी ताकद दादांच्या कोट्यांत नव्हती. थिएटरात बसलेल्या प्रत्येक कारकुनाने, शिक्षकाने, तलाठ्याने आपल्या डोक्यावरून बसवलेला एखादा मेहुणा पाहिलेला होता. नाव ज्याचं त्याने घरून आणलं होतं.

दुसरा कोतवाल घाशीराम. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुण्यात. मोहन आगाशे नाना फडणवीस. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेने ते थांबवलं, कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा सुरू झालं. आक्षेप असा होता, की नाना फडणवीसांची बदनामी झाली, पुण्याच्या ब्राह्मणांची झाली. आता विचार करा, नाटकातला नाना करतो काय? परगावाहून आलेल्या, अपमानाने पेटलेल्या माणसाला कोतवाली देतो. मोबदल्यात त्याची मुलगी घेतो. आणि मनाशी हिशेब करतो, की आता शहरात जे जे अत्याचार होतील ते याच्या खात्यावर पडतील, उपभोग मात्र आपला. १७९१ साली पुण्यात घाशीराम दगडांनी मारला गेला, नाना राहिला. तेंडुलकरांनी पुढे सांगितलं, की हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर त्या काळातल्या मुंबईतल्या शिवसेनेचा उदय आणि त्याला सत्ताधाऱ्यांकडून मिळालेलं पाठबळ होतं. पण नाटकात ना मुख्यमंत्री आहेत ना शाखाप्रमुख. आगाशेंनी कुणा मंत्र्याचा आवाज काढला नाही, नानाला चक्क नाचवला. म्हणून ते नाटक पुढे ज्या ज्या भाषेत गेलं, तिथल्या तिथल्या प्रेक्षकाला आपापला नाना सापडला आणि आपापला घाशीरामही. एखाद्या नकलाकाराला हे जमेल? ज्याचा आवाज काढायचा तो माणूसच परभाषकांना माहीत नसेल, तर नक्कल तिथेच संपते.

इथे एक रास्त आक्षेप येईल. कुणी म्हणेल, हे सगळं आडून बोलणं झालं. कीचकाच्या आड, कोतवालाच्या आड. नाव घेऊन बोलण्याची छाती नाही म्हणून सोंगाचं कौतुक चाललं आहे. या आक्षेपात तथ्य आहे, मी तो झटकणार नाही. खाडिलकरांनी पुराणाचा आडोसा घेतला तो कायद्यामुळेच. पण आडोसा घेतला म्हणजे सुरक्षित झालं, हे खरं नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या एका स्टुडिओत चित्रित झालेला, विनोदकार कुणाल कामरांच्या विडंबनगीताचा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. त्यात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांचं नाव नव्हतं, वर्णन होतं आणि एक शब्द होता. स्टुडिओची मोडतोड झाली, गुन्हे नोंदले गेले, दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही पोहोचला. नाव न घेणाऱ्याला कुठे अभय मिळालं? उलट जे चिडून आले, त्यांनीच महाराष्ट्राला सांगितलं की गाणं कुणावर आहे. सोंगात भित्रेपणा असता तर सत्तेने त्याला इतकं भ्यायचं कारण नव्हतं.

एक फार जुनं उदाहरणही हेच सांगतं. इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये ॲरिस्टोफेनिसने अथेन्सचा बलाढ्य पुढारी क्लिऑन याच्यावर नाटक केलं. नाटकातच म्हटलं आहे, की भीतीपोटी मुखवटे करणाऱ्यांनी त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा करून द्यायला नकार दिला. म्हणजे नकलेचं मुख्य साधनच हातात नव्हतं. मग उरलं काय? उरलं सोंग : जनता नावाचा एक म्हातारा मालक आणि त्याला लाडीगोडीने मुठीत ठेवणारा एक नवा गुलाम. त्या मुखवट्याशिवाय नाटकाला पहिलं पारितोषिक मिळालं. आणि त्याच वर्षी अथेन्सच्या लोकांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं! मग दुसरा आक्षेप तयारच आहे : इतकं हसून बदललं काय? खरं सांगायचं तर मतपेटीत फारसं काही नाही. नाटकाने निवडणूक फिरते असं मानणारे नाटकवाले मला थोडे भोळे वाटतात. पण एकदा 'घाशीराम' पाहिलेल्या माणसाला पुढच्या वेळी एखादा गुंड अचानक कुणाच्या तरी कृपेने मोठा होताना दिसला, की तो गुंडाकडे बघून थांबत नाही, मागे उभ्या असलेल्या नानाला शोधतो. ही नजर मतपत्रिकेवर मोजता येत नाही म्हणून ती नाहीच, असं कसं म्हणायचं?

आता आजच्या नकलेविषयी. आवाज, लकब, तंबाखू मळण्याची पद्धत, 'मित्रहो' म्हणण्याची तऱ्हा. दूरचित्रवाणीवर हे सगळं इतकं चोख होतं, की ज्याची नक्कल तोच पुढारी पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या देतो, आणि नंतर मंचावर येऊन नकलाकाराच्या खांद्यावर हात टाकतो. त्या टाळ्या कसल्या असतात? त्या ओळखीच्या असतात. आपण नक्कल करण्याइतके मोठे झालो, याचा तो दाखला असतो. आणि नक्कल आता नाटकवाल्यांच्या हातातही राहिलेली नाही. राज ठाकरे जाहीर सभांमधून इतर नेत्यांच्या नकला करतात, आणि उत्तम करतात, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत. पण सभेत नक्कल झाली की गर्दी हसते, आणि ज्या निर्णयावर बोलायचं तो निर्णय हशाखाली झाकला जातो. माणूस हास्यास्पद ठरतो, धोरण जसंच्या तसं राहतं. त्यात भर म्हणजे आता आवाज यंत्रही काढतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा बनावट ध्वनिचित्रफिती इतक्या झाल्या, की लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत त्या काढून टाका, असं निवडणूक आयोगाला पक्षांना बजावावं लागलं. तेव्हा आवाजाच्या हुबेहूबपणावर जगणाऱ्या कलावंताने यापुढे विकायचं काय? यंत्र आवाज काढील, चेहराही काढील. पण प्रधानाने मेहुण्याला का नेमलं, याचं सोंग त्याला सुचेल, असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. थोरांच्या तोंडी काहीही घालायचं का? वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेचा खटला आपल्याकडेच झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की इतिहासात पूज्य ठरलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालणाऱ्याला अधिक कडक कसोटी लागेल. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये एका बंगाली राजकीय विडंबनपटाचं प्रदर्शन रोखल्याबद्दल पश्चिम बंगाल सरकारला वीस लाखांची भरपाई द्यायला लावली. माझा कल दुसऱ्या निकालाकडे आहे, हे लपवत नाही. पण प्रतिष्ठेचा प्रश्न मी वेगळ्या ठिकाणी विचारीन. आपल्या विनोदी नाटकांत आणि प्रहसनांत अलीकडे सर्वांत जास्त खिल्ली कुणाची उडते? सरपंचबाईची. साडी नेसलेला पुरुष, ठसक्यात चुकीचं बोलणारी, नवऱ्याकडे बघून सही करणारी. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या भागात ठाकर, कातकरी समाजातल्या बायाही ग्रामपंचायतीत बसतात. त्यांच्या बोलीवर हसणं ही पुढाऱ्याची थट्टा नव्हे. ज्याने तिच्या हातात पेन देऊन शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला, त्याचं सोंग कुणी आणलं? निळू फुल्यांनी अजरामर केलेली ती पांढऱ्या टोपीतली पाताळयंत्री पुढाऱ्याची व्यक्तिरेखाही पुढे नुसता छाप झाली. टोपी दिसली की खलनायक, मग तो सहकारी संस्था बुडवणारा असो की नळयोजनेसाठी पंचायत समितीत हेलपाटे घालणारा. 'सगळेच चोर' हे वाक्य सर्वांत सोयीचं कुणाला? जो खरोखर चोर आहे, त्याला. सोंगही आळशी झालं की असं बोथट होतं, हे माझ्याच मुद्द्याविरुद्ध जातं, आणि ते मला मान्य केलंच पाहिजे.

शिमगा येईलच. पोरं सोंगं काढतील, दारोदार पोस्त मागतील. कुणी डॉक्टर होईल, कुणी तहसीलदार, कुणी जमिनीचा दलाल. महामार्गाच्या या पट्ट्यात दलालाचं सोंग चांगलंच रंगतं, अशी माझी अटकळ आहे. हातात सातबारा, खिशात दोन फोन, आणि 'साहेबांशी बोलणं झालंय' एवढंच एक वाक्य. कुठले साहेब, हे तो सांगत नाही. सोंग दारात येईल तेव्हा कोण मोकळेपणाने हसतं आणि कोण घाईघाईने नोट काढून त्याला पुढच्या दाराकडे ढकलतं, तेवढं फक्त बघून ठेवा. मी इथेच थांबतो, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं आहे.